खालच्या जबड्यात पोकळी नसते

१

अक्कलदाढ काढायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकच विनोद करतो. "डॉक्टर, दाढेबरोबर अक्कल नाही ना जाणार?" गळ्याला कागदी रुमाल बांधता बांधता करतो, आणि हे आपल्याआधी कुणाला सुचलंच नाही अशा थाटात करतो. मी दर वेळी हसते. घाबरलेल्या माणसाचा एक तरी बाण लागू द्यावा.

माझ्या धाकट्या भावाने मात्र तो विनोद केला नाही. खुर्चीत बसून त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुझ्याकडे दाढ काढायला आलो, यातच माझ्या अकलेचं काय ते आलं."

घरात त्याला टिल्लू म्हणतात. लहानपणी मुठीएवढा होता म्हणून ते नाव पडलं. आता दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते, पण नाव काही वाढलं नाही. तो पुस्तकं वाचतो, म्हणजे पोटासाठी वाचतो. स्टुडिओत बसून मोठमोठी पुस्तकं माइकसमोर वाचायची आणि लोकांनी ती गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकायची. त्याची बायको पलीकडे काचेमागे बसून ते ध्वनिमुद्रण करते, साफ करते. स्टुडिओ दोघांचाच. एक खोली, मधे काच, भिंतींना स्पंज. त्याचा आवाज आणि तिचे कान, यावर ते घर चालतं.

म्हणून मला त्या दाढेची धास्ती होती. डावी, खालची. एक्स-रेत ती अगदी आडवी झोपलेली दिसत होती, शेजारच्या दाढेच्या कुशीत डोकं खुपसून. गेल्या वर्षभरात गाल सुजून त्याचं तोंड उघडेनासं झालं होतं, काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण त्या दाढेच्या खालून ओठाची नस जाते आणि आतल्या बाजूला जिभेची. हात जरा चुकला तर अर्धी जीभ कायमची बधिर. दुसऱ्या कुणाचं असतं तर तो चार दिवस कुरकुरला असता. टिल्लूचं घर बसलं असतं.

हात चुकला नाही. भूल चढली, हिरडी उघडली, हाड थोडं कोरलं, दाढेचे तुकडे केले आणि एकेक करून बाहेर काढले. शेवटचं मूळ सुटताना एक बारीक आवाज होतो, ओल्या लाकडातून खिळा निघावा तसा. तो झाला आणि माझे खांदे खाली आले.

२

खड्डा धुऊन मी आरसा आत घातला. तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा रोग्याच्या श्वासाने धुरकटतो, म्हणून आधी कोमट पाण्यात बुडवायचा असतो. माझ्या असिस्टंट काकू ते न सांगता करतात. त्यांनी तो तसाच करून दिला होता. तरी तो धुरकटला.

मी तो पुसून घेतला. पुन्हा धुरकटला.

"नाकाने श्वास घे," मी टिल्लूला म्हटलं. त्याने डोळ्यांनीच सांगितलं की नाकानेच घेतोय. मी त्याला जरा वेळ श्वास रोखायला सांगितलं. त्याची छाती थांबली. लाळ ओढणारी नळी काकूंनी बंद केली. खोलीत काही आवाज राहिला नाही.

आरसा खड्ड्याच्या तोंडाशी होता. त्यावर वाफ आली, हळूहळू निवळली, मग पुन्हा आली. ती येण्याजाण्याची एक लय होती, झोपलेल्या माणसाची असते तशी संथ. टिल्लूची छाती अजून थांबलेलीच होती.

वरची दाढ असती तर मला नवल वाटलं नसतं. वरच्या दाढांच्या माथ्यावर गालाच्या हाडात पोकळी असते, ती नाकाला जोडलेली असते. दाढ काढताना कधी कधी मधला पापुद्रा फाटतो आणि खड्ड्यातून वारा येतो. त्याचं नाव आहे, त्यावर इलाज आहे. पण खालच्या जबड्यात पोकळी नसते. तिथे हाड असतं, हाडाच्या खाली हाड, आणि मग माणूस संपतो.

रक्त गरम असतं, मी मनाशी म्हटलं. गरम रक्ताची वाफ, थंड खोली. लय वगैरे आपल्या डोक्यात. मी टाके घातले, कापसाची घडी दाबून धरायला दिली आणि त्याला घरी पाठवलं. काकूंनी हत्यारं उकळायला टाकली. आरसा त्यांनी वेगळा धुतला, दोनदा. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

३

ओठ जागा झाला, जीभ जागी झाली. संध्याकाळी त्याने मला फोनवर बाराखडी म्हणून दाखवली, वर्गातल्या मुलासारखी, आणि "ळ" वर मुद्दाम लाडाने रेंगाळला. मला इतकं हलकं वाटलं की आरशाचं मी विसरले, किंवा विसरले असं ठरवलं.

टाके काढायला आला तेव्हा सूज उतरली होती. खड्डा भरायला वेळ लागतोच, त्यामुळे तो उघडा दिसत होता यात काही वावगं नव्हतं. मी त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचं पुन्हा बजावलं. तो उठला नाही. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला.

"ताई, हसू नकोस," तो म्हणाला. "तिथे गार लागतं."

मी म्हटलं, उघडी जागा आहे, वारा लागणारच.

"वारा लागतो तसं नाही. मी श्वास सोडला की तिथे कुणीतरी तो घेतं."

टिल्लू नकला करणारा, कुणाच्याही बारशात आणि तेराव्यात लोकांना हसवणारा माणूस. मी त्याच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा शोधला. नव्हता. मी त्याला समजावलं की नस दुखावली नसली तरी तिला धक्का बसतो, आणि अशी नस मेंदूला काहीबाही सांगत राहते. मुंग्या, गारवा, कुणी फुंकर घातल्यासारखं. हे सगळं खरं आहे, पुस्तकात आहे. त्याने मान डोलावली. मोठ्या बहिणीचं बोलणं खोटं पाडायची त्याला सवय नव्हती.

४

मग भावजयीचा फोन आला. दवाखान्यात येऊ का असं न विचारता तिने मलाच स्टुडिओत यायला सांगितलं. ती कमी बोलते. दिवसभर दुसऱ्याचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा कंटाळा येत असावा.

टिल्लू बाहेर काहीतरी आणायला गेला होता. तिने मला कानांवर हेडफोन चढवायला दिले. टिल्लू वाचत होता, एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. मला वावगं काही ऐकू आलं नाही.

तिने समजावून सांगितलं. वाचणारा माणूस वाक्यांच्या मधे श्वास घेतो. ते श्वास कमी करायचे, काही ठिकाणी पुसायचे, हे तिचं रोजचं काम. टिल्लूचा श्वास तिला झोपेतही ओळखू येतो. लांब वाक्याआधी तो नाकाने झटकन घेतो आणि आत घेताना किंचित अडखळतो. तिने पडद्यावर ती जागा दाखवली, लाटेच्या दोन डोंगरांमधली बारीक टेकडी. मग तिने आवाज वाढवला.

"आता शब्दांकडे लक्ष देऊ नका ताई. शब्दांच्या खाली ऐका."

शब्दांच्या खाली कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, लांब, ओलसर. टिल्लू "नदीच्या मधोमध" म्हणत असतानाच तो श्वास आत जात होता. कुठलाही माणूस बोलता बोलता श्वास आत घेऊ शकत नाही.

मी म्हटलं, पंखा असेल. पंखा नव्हता. मग म्हटलं, जुन्या ध्वनिमुद्रणावर नवं चढलं असेल. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तो तिचा धंदा होता, आणि मी तिला तिच्या धंद्यातलं सांगत होते.

टिल्लू परत आला. आम्हा दोघींची तोंडं पाहून त्याने काही न विचारता आत जाऊन माइकसमोर बैठक मारली. भावजयीने त्याला खुणेने तोंड मिटून गप्प बसायला सांगितलं. माझ्या कानात फक्त त्याचा श्वास होता, नाकाने, त्या अडखळीसकट. मग तिने श्वास रोखून तोंड उघडायला सांगितलं. त्याने उघडलं.

दुसरा श्वास आला. इतका जवळून, की मी हेडफोन ओढून काढले.

काचेपलीकडे टिल्लू तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. पण आम्हाला काय ऐकू आलं ते त्याला कळलं.

५

त्यानंतर तो बोलेनासा झाला. जेवताना घास डावीकडे जाऊ नये म्हणून मान कलती ठेवायचा. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा गॅलरीत ऊन खात बसला होता, ओठ घट्ट मिटून, जसं तोंडात पाणी धरलंय आणि ते सांडू द्यायचं नाहीये.

मी शेजारी बसले. तो हाताच्या आडोशाने कुजबुजला, जणू कुणाला चोरून.

"मी वाचायला लागलो की ते श्वास धरतं."

"का?"

"ऐकतं." मग हाताचा आडोसा नीट करून म्हणाला, "सुरुवातीला नव्हतं धरत."

मला भीती वाटली, पण मी डॉक्टर होते आणि थोरली होते. या दोन्ही गोष्टींना घाबरायची मुभा नसते. मी त्याला दवाखान्यात नेऊन नवा एक्स-रे काढला. खड्ड्याची सावली जशी हवी तशीच होती. त्याखाली पांढरं, घट्ट हाड. नस आपल्या जागी. मी तो एक्स-रे खिडकीशी धरून सरळ, उलटा, सगळ्या बाजूंनी पाहिला. दिसायला नको असं काही त्यात नव्हतं.

"शिवून टाक," टिल्लू म्हणाला. "ताई, कायमचं बंद कर."

यात वैद्यकाला न पटणारं काहीच नव्हतं. भरत नसलेला खड्डा खरवडून ताजा करतात, त्यात औषधाची पट्टी भरतात, हिरडी ओढून घेऊन शिवतात. मी म्हटलं, उद्याच करू.

६

सकाळी मी दुसरे रोगी घेतले नाहीत. काकूंनी खिडक्या उघडल्या होत्या, बाहेर शाळेची मुलं जात होती, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सगळं इतकं नेहमीचं होतं की मला आमचीच लाज वाटली.

टिल्लूला भूल दिली. सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, दुखलं तर डावा हात वर कर, बोलायचा प्रयत्न करू नकोस. ओठ आणि गाल बधिर झाल्याची खात्री केली. भावजय दारात उभी होती. तिला बाहेर बसायला सांगितलं तर ती हलली नाही.

दिवा खाली ओढून मी आत पाहिलं.

खड्ड्याच्या दोन्ही कडांची हिरडी गुलाबी झाली होती. निरोगी, पण जरा जास्तच भरलेली. मी चिमट्याने स्पर्श करायच्या आधीच त्या कडा हलल्या. आधी वाटलं टिल्लूने गिळलं. त्याने गिळलं नव्हतं. दोन्ही कडा एकमेकींवर टेकल्या, किंचित आत वळल्या आणि सुटल्या. पुन्हा टेकल्या. आपण "म" म्हणताना किंवा "प" म्हणताना ओठांचं जे होतं, ते.

आवाज नव्हता. नुसता आकार.

टिल्लूचा डावा हात वर आला.

"दुखतंय?" मी विचारलं. त्याने मान नाही अशी हलवली. हात मात्र वरच राहिला, बोटं ताठ. मी थांबले. त्याचे डोळे माझ्यावर होते. मी त्याला पाळण्यात पाहिलंय, तापात पाहिलंय, वडील गेले तेव्हा पाहिलंय. असे डोळे मी पाहिले नव्हते. त्यात जी घाई होती ती मला कळली नाही. मला वाटलं, लवकर कर म्हणतोय.

मी खरवडलं नाही. हत्यार त्या कडांमध्ये घालायचा मला धीरच झाला नाही. औषधाची पट्टी भरली, हिरडी ओढली आणि टाके घालायला घेतले. पहिला टाका ओढला तेव्हा काकूंनी टिल्लूचा हात धरून खाली घ्यायचा प्रयत्न केला. तो खाली येईना. त्या म्हणाल्या, "मॅडम, हात थरथरतोय."

मी घट्ट, जवळ जवळ टाके घातले. इतके कुणी घालत नाही. शेवटची गाठ मारली आणि त्याचा हात सैल झाला, आपोआप, काकूंच्या हातात पडला.

टिल्लूने दीर्घ श्वास घेतला. मग अर्ध्या बधिर तोंडाने माझ्याकडे बघून हसला.

७

जखम कधी नव्हे इतकी सुरेख भरली. तोंडाला गारवा नाही, मुंग्या नाहीत. काही महिन्यांनी एक्स-रे काढला तर खड्डा हाडाने भरून आला होता. टिल्लू पुन्हा डावीकडून चावू लागला, गाणी गुणगुणू लागला. माझ्या मुलांना त्याने नकला करून दाखवल्या आणि ती लोटपोट हसली. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

भावजय मात्र वाळली होती. एकदा आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो, ती भांडी पुसत होती. मी विचारलं, रेकॉर्डिंग कसं चाललंय.

"छान," ती म्हणाली. "एकच श्वास येतो आता."

मी म्हटलं, बघ, झालं ना.

तिने ताटली पुसून पालथी घातली. मग दुसरी घेतली. "श्वास घेताना तो अडखळत नाही हल्ली," ती म्हणाली. "लांब घेतो. संथ."

बाहेरच्या खोलीत टिल्लू मुलांना हसवत होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही टाके घातलेत तेव्हा…"

तिने वाक्य पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही. नळ सोडला आणि हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी टिल्लूला दवाखान्यात बोलावलं. म्हटलं, मला जरा शंका आहे, ती जागा पुन्हा उघडून बघते, लहानसं काम आहे. तो हसतमुखाने ऐकत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मला काही त्रास नाही, ताई." मी हट्ट धरला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने ठेवला, आणि तेच वाक्य त्याच आवाजात, त्याच चढउताराने पुन्हा म्हटलं.

धडधाकट माणूस नाही म्हणत असेल तर त्याच्या तोंडाला सुरी लावायचा अधिकार जगातल्या कुठल्याच डॉक्टरला नाही. आणि कशासाठी लावणार होते? मी कागदावर काय लिहिलं असतं?

८

भावजय आता त्याचं वाचन साफ करत नाही. घरी आणून ऐकते. शब्द पुसून टाकते आणि शब्दांच्या मधलं, खालचं जे उरतं ते वाढवत नेते. मी तिला सांगितलं होतं की असं करू नकोस, तब्येतीवर परिणाम होईल. परवा तिने मला बोलावलं आणि मी गेले.

आधी नुसता खरखराट होता. मग त्यात काहीतरी, खूप भिंतींपलीकडून यावं तसं. मी डोळे मिटले. श्वास नव्हता तो. टिल्लूचा आवाज होता. तो वाचत होता. माइकसमोर जे पान वाचलं जात होतं तेच पान, तेच शब्द, पण एका शब्दाने मागे. धावत्या माणसामागे लहान मूल धावावं तसा, दम लागलेला, मधेच श्वास अडखळत, पण सोडत नव्हता.

"हे पहिलं," ती म्हणाली. तिने दुसरं लावलं. त्यात तो वाक्यभर मागे होता. तिसऱ्यात त्याहून मागे.

कालचं ध्वनिमुद्रण चालू असताना मी स्टुडिओतच होते, तिच्या शेजारी, काचेच्या अलीकडे. दुपारचं ऊन स्पंजाच्या भिंतीवर पडलं होतं. काचेपलीकडे त्याने प्रकरण संपवलं, सुंदर संपवलं, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. भावजयीने यंत्र बंद केलं नाही. तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि एक हेडफोन मला दिला.

हेडफोनमध्ये टिल्लूचं वाचन अजून चालू होतं. शेवटचं पान अजून अर्धं राहिलं होतं.

तो उठला नाही. माइकसमोर, तोंड किंचित उघडं ठेवून, आमच्याकडे बघत, शांतपणे बसून राहिला. घाई नव्हती त्याला. खोल आत टिल्लू एकेक शब्द ओढत आणत होता, भावजय ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणत होती, आणि तो काचेपलीकडून मोठ्या मायेने वाट पाहत होता. शेवटचा शब्द आला. तो नीट पुरा होऊ दिला त्याने.

मग त्याने तोंड मिटलं.